चार जूनचा भाव

१ जून २०२४, शनिवार. लोकसभेच्या सातव्या टप्प्याचं मतदान संध्याकाळी संपलं आणि एक्झिट पोलचे आकडे वाहिन्यांवर झळकू लागले. सत्ताधारी आघाडी साडेतीनशेच्या पुढे जाणार, असा बहुतेकांचा सूर होता. सोमवारी बाजार उघडला तो उसळी घेऊनच. शुक्रवारी २२,५३०.७० वर बंद झालेला निफ्टी सोमवारी, ३ जूनला, २३,२६३.९० वर थांबला. मंगळवारी मतमोजणी झाली. भाजप २४० वर अडकला, स्वबळावरचं बहुमत हुकलं आणि निफ्टी २१,८८४.५० वर आला. एका दिवसात ५.९३ टक्के घसरण, आणि दुपारी तर तो २१,२८१ पर्यंत खाली जाऊन आला होता. मग बुधवारी २२,६२०.३५, गुरुवारी २२,८२१.४० आणि शुक्रवारी, ७ जूनला, २३,२९०.१५. सोमवारी संध्याकाळी फोन बंद करून गावी गेलेला गुंतवणूकदार शनिवारी परतला असता, तर त्याला निफ्टी जवळपास जिथल्या तिथेच दिसला असता.

शेअरच्या पोर्टफोलिओला वायद्यांचं संरक्षण कसं द्यायचं, त्याची किंमत कुठे आणि कशी मोजावी लागते, आणि ऑप्शनच्या भावात दडलेली अस्थिरता कशी वाचायची, हे समजून घ्यायला याहून सोयीचा आठवडा मिळणार नाही. म्हणून हे प्रकरण याच आठवड्याभोवती फिरेल.

बारा लॉट

समजा, ठाण्यात राहणाऱ्या एका निवृत्त अभियंत्याकडे ५८ लाखांचे शेअर आहेत. बँका, यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपन्या, थोडे सरकारी उपक्रम. कागद चांगले आहेत, वीस वर्षांत जमवलेले आहेत आणि विकायची इच्छा नाही. विकले तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर लागेल (तेव्हा १० टक्के होता, २३ जुलै २०२४ पासून साडेबारा झाला), दलाली जाईल आणि परत घेताना कोणत्या भावाला मिळतील याचा भरवसा नाही. त्याला एवढंच हवं आहे, की निकालाचा आठवडा पार पडेपर्यंत बाजाराच्या पडझडीची झळ लागू नये.

वायदा म्हणजे फ्यूचर्स इथे कामाला येतात. शेअर जागेवर ठेवायचे आणि निफ्टीचा जूनचा वायदा विकायचा, बाजाराच्या भाषेत शॉर्ट करायचा. निफ्टी पडला की शेअरमध्ये तोटा आणि वायद्यात नफा. चढला की उलट. किती वायदे विकायचे, एवढाच प्रश्न उरतो.

निफ्टीचा लॉट (एका करारातले नग) तेव्हा २५ चा होता (नोव्हेंबर २०२४ मध्ये सेबीने कराराचं किमान मूल्य वाढवल्यावर तो ७५ झाला, लॉट अधूनमधून बदलत असतो, म्हणून जुनी गणितं तशीच उचलू नयेत). ३ जूनच्या भावाने एका लॉटची किंमत होते सुमारे ५ लाख ८२ हजार. ५८ लाखांना तिने भागलं तर दहा लॉट येतात. पण या गृहस्थांचे शेअर निफ्टीपेक्षा जास्त हलणारे आहेत. गेल्या दोनेक वर्षांच्या हालचाली ताडून पाहिल्या, तर निफ्टी एक टक्का हलला की त्यांचा पोर्टफोलिओ सरासरी १.२ टक्के हलतो. हा १.२ म्हणजे बीटा. ५८ लाखांचा पोर्टफोलिओ बाजाराच्या धक्क्यापुरता जवळजवळ ७० लाखांसारखा वागतो, आणि ७० लाखांना हवेत बारा लॉट. निफ्टीचे ३०० नग.

त्यांनी सोमवारी बाजार बंद होताना हे बारा लॉट विकले असते, तर मंगळवारी निफ्टीने गमावलेल्या १,३७९.४० अंकांचे वायद्यात सुमारे ४ लाख १४ हजार मिळाले असते. बीटाने सांगितलेलं खरं ठरलं असतं, तर पोर्टफोलिओची घसरण ७.१ टक्के, म्हणजे तेवढीच. पाठ्यपुस्तक इथे थांबतं. बाजार थांबत नाही.

पहिली मेख बीटामध्येच आहे. बीटा ही गेल्या काळाची सरासरी. ४ जूनची पडझड सरासरी नव्हती. ती एका विशिष्ट बातमीची होती आणि त्या बातमीने शेअरांमध्ये भेदभाव केला. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांचे शेअर निफ्टीच्या दुपटीहून जास्त कोसळले, कारण सरकारी खर्चाच्या आशेवर आधी तेच सर्वांत जास्त फुगले होते. त्याच दिवशी हिंदुस्थान युनिलिव्हर वर गेला. आपल्या अभियंत्याच्या पेटीत सरकारी कागद जास्त असते तर पोर्टफोलिओ १० टक्के पडला असता, आणि ५ लाख ८० हजारांच्या तोट्यासमोर वायद्यातले ४ लाख १४ हजार अपुरे पडले असते. निफ्टीचा वायदा निफ्टीपासून वाचवतो. तुमच्या शेअरांच्या स्वतःच्या करणीपासून नाही. असं संरक्षण घेतल्यावर, म्हणजे हेजिंग केल्यावर, धोका नाहीसा होत नाही. बाजाराचा धोका काढून त्या जागी ‘माझे शेअर आणि निफ्टी यांची जोडी फुटली तर’ हा धोका येतो. तो सहसा लहान असतो. पण ज्या दिवशी संरक्षणाची गरज पडते, नेमका त्याच दिवशी तो वाढतो.

दुसरी मेख रोखीची, आणि माझ्या मते ती जास्त माणसांना नडते. समजा, त्यांनी हेच बारा लॉट शुक्रवारी, ३१ मे रोजी विकले. शहाणपणाचाच निर्णय म्हणायचा. आग लागल्यावर विमा काढण्यापेक्षा आधी काढलेला बरा. सोमवारी निफ्टी ७३३ अंक चढला. वायद्यातला तोटा २ लाख २० हजार. शेअर तेवढेच चढले, एकूण हिशेब शून्य, असं कागदावर दिसतं. पण वायद्याचा हिशेब रोजच्या रोज चुकता होतो, त्याला मार्क-टु-मार्केट म्हणतात, आणि ती रक्कम रोखीने द्यावी लागते. शेअर तारण ठेवून सुरुवातीच्या मार्जिनचा, म्हणजे अनामतीचा, काही भाग भागवता येतो. रोजचा तोटा भागत नाही. म्हणजे मंगळवारी सकाळी ज्या नफ्याला हात लावता येत नाही त्याच्या बदल्यात खात्यातून खरेखुरे सव्वादोन लाख जाणार. वर अस्थिरता वाढली की एक्स्चेंज मार्जिनही वाढवतं. सोमवारी रात्री एक्झिट पोलच्या जल्लोषात, घरात सगळे हसत असताना, ‘कशाला ही नसती उठाठेव’ म्हणत वायदा परत घेऊन टाकण्याचा मोह किती जणांना झाला असेल, याची कल्पना करा. ज्यांनी तो टाळला नाही, त्यांना मंगळवार उघड्यावर काढावा लागला.

आणि तिसरा गडी असतोच. मंगळवारी दुपारनंतर, पडदा लालेलाल झाल्यावर, २१,८८४ च्या आसपास वायदा विकणारा. त्याने शेअरमधला तोटा तर आधीच सोसला होता. शुक्रवारपर्यंत वायद्यात आणखी १,४०५ अंक, म्हणजे बारा लॉटवर ४ लाख २० हजारांहून जास्त, घालवले. शेअर परत वर आल्याने त्याची भरपाई झाली म्हणा, पण सुटकेचा आनंद मात्र हुकला. खड्ड्यात पडल्यावर त्याने खड्ड्याला झाकण लावून घेतलं.

वायद्याचा कॅरी

वायदा आणि निफ्टी यांचा भाव एकच नसतो. सामान्य दिवसांत वायदा थोडा वरच्या भावाला असतो. कारण साधं आहे: आज शेअर घेण्याऐवजी महिन्याने पैसे देण्याचा करार केला, तर तेवढ्या काळाचं व्याज वाचतं आणि लाभांश हुकतो. या दोहोंची वजाबाकी म्हणजे कॅरी. मुदत संपेपर्यंत हा फरक विरघळून शून्यावर येतो. त्यामुळे वायदा विकणाऱ्याला तो फरक मिळतो.

यातून एक गंमत निघते, जी हेजिंगच्या जाहिरातींत सहसा येत नाही. पोर्टफोलिओ पूर्णपणे हेज करून ठेवला तर जे उरतं त्याचा परतावा जवळजवळ व्याजदराएवढा असतो. शेअरचा धोका काढून टाकला की शेअरचा परतावाही जातो. हाती राहतं मुदत ठेवीचं भावंड. आर्बिट्राज फंड नेमका हाच धंदा करतात आणि म्हणून त्यांचा परतावा लिक्विड फंडांच्या आगेमागे फिरतो. वर्षभर हेज ठेवणाऱ्याने स्वतःला विचारायला हवं, की मग शेअर ठेवलेत कशाला?

कॅरीही नेहमी मिळतोच असं नाही. भीती दाटली की सगळेच वायदा विकायला धावतात आणि वायदा निफ्टीच्या खाली घसरतो. मार्च २०२० मध्ये हे झालं. २३ मार्चला निफ्टी १२.९८ टक्के पडून ७,६१०.२५ वर बंद झाला. त्या दिवसांत वायदा डिस्काउंटला होता, म्हणजे संरक्षण विकत घेणाऱ्याला त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत होते. तोपर्यंत जानेवारीच्या १२,४०० वरून बाजार बराचसा पडूनही झाला होता.

सगळ्यांनी एकदम वायदा विकायला धावण्याचं मूळ उदाहरण मात्र अमेरिकेतलं, १९ ऑक्टोबर १९८७ चं. बर्कलीतल्या दोन प्राध्यापकांनी, हेन लेलंड आणि मार्क रुबिनस्टाइन यांनी, ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ नावाची पद्धत काढली होती. बाजार पडू लागला की पायरीपायरीने वायदे विकत जायचे, चढला की परत घ्यायचे. ऑप्शन न घेता ऑप्शनसारखं संरक्षण. गणित निर्दोष होतं. फक्त प्रत्येकाने गृहीत धरलं होतं, की आपण विकू तेव्हा समोर घेणारा असेल. त्या सोमवारी मोठमोठ्या पेन्शन फंडांचे विक्रीचे आदेश एकाच वेळी शिकागोच्या वायदा बाजारात येऊन आदळले, वायदा शेअरबाजाराच्या खूप खाली गेला, त्याकडे पाहून न्यू यॉर्कमध्ये शेअर आणखी विकले गेले, त्यामुळे पुन्हा वायदे विकायची पाळी आली. डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. विमा काढणाऱ्यांच्या गर्दीनेच आगीत तेल ओतलं.

त्या दिवसाने ऑप्शनच्या भावांवर एक कायमचा वळ उठवला. तो अजूनही दिसतो, आणि मुंबईतही दिसतो.

भावातून उलटं गणित

पुट ऑप्शन घेणाऱ्याला ठरलेल्या भावाने (त्याला स्ट्राइक म्हणतात) विकण्याचा हक्क मिळतो, बंधन नाही. निफ्टी चढला तर त्याच्या शेअरांचा नफा त्याचाच राहतो; ऑप्शनसाठी मोजलेला प्रीमियम तेवढा जातो. रोजच्या मार्क-टु-मार्केटची कटकट नाही, सोमवारी रात्रीचा मोह नाही. मग सगळे पुटच का घेत नाहीत? कारण प्रीमियम. आणि तो महाग की स्वस्त, हे रुपयांकडे पाहून कळत नाही.

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचं १९७३ चं सूत्र ऑप्शनचा भाव काढायला पाच गोष्टी मागतं: निर्देशांकाचा आजचा भाव, स्ट्राइक, उरलेला काळ, व्याजदर आणि पुढच्या काळातली अस्थिरता. पहिल्या चार कोणालाही दिसतात. पाचवी कोणालाच माहीत नसते. पण ऑप्शनचा भाव तर पडद्यावर हलताना दिसतो. म्हणून व्यापारी सूत्र उलटं चालवतात: हा भाव बरोबर ठरायला अस्थिरता किती धरावी लागेल? येणारं उत्तर म्हणजे अंतर्निहित अस्थिरता, ट्रेडरच्या तोंडी नुसती ‘आयव्ही’.

चालू भावाच्या स्ट्राइकसाठी एक कामचलाऊ हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे: निर्देशांक × अस्थिरता × वर्षाच्या अंशातल्या काळाचं वर्गमूळ × ०.४. निफ्टी २३,२६४, मुदत एक महिना. अस्थिरता १३ टक्के असेल तर पुट साडेतीनशेच्या आसपास पडेल, २१ टक्के असेल तर सुमारे ५६५. माल तोच, मुदत तीच. वरचे सुमारे २१५ रुपये निव्वळ अस्थिरतेचे.

एकेका ऑप्शनची आयव्ही पाहत बसण्याऐवजी सगळ्यांचा मिळून एक आकडा काढण्याची कल्पना अमेरिकेत १९९३ मध्ये आली. शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंजने व्हिक्स सुरू केला आणि २००३ मध्ये त्याची पद्धत बदलली. आपल्या एनएसईने २००८ साली तीच पद्धत घेऊन इंडिया व्हिक्स आणला. निफ्टीच्या चालू आणि पुढच्या महिन्याच्या, चालू भावापासून दूर असलेल्या कॉल (विकत घेण्याच्या हक्काचे ऑप्शन) आणि पुटचे खरेदी-विक्रीचे कोट घ्यायचे आणि त्यांतून पुढच्या ३० दिवसांची अस्थिरता काढायची. ती सांगायची मात्र वार्षिक दराने, जसं बँक तीन महिन्यांच्या ठेवीचंही व्याज वार्षिकच सांगते.

म्हणून व्हिक्स २० म्हणजे ‘बाजार २० टक्के हलणार’ नव्हे. महिन्याचा आकडा हवा असेल तर १२ च्या वर्गमूळाने, म्हणजे साडेतीनने भागायचं. दिवसाचा हवा असेल तर १६ ने, कारण वर्षात व्यवहाराचे दिवस अडीचशेच्या घरात आणि त्यांचं वर्गमूळ सोळाच्या जवळ. व्हिक्स १६ असेल तर ऑप्शनवाले दिवसाला साधारण एक टक्क्याची हालचाल धरून चाललेत: तीनपैकी दोन दिवस त्याच्या आत, एक दिवस बाहेर. वर की खाली, याबद्दल अक्षर नाही. १८ मे २००९ रोजी, त्या वर्षीच्या लोकसभा निकालानंतरच्या पहिल्याच सत्रात, निफ्टी १७.७४ टक्के वर गेला आणि बाजार सर्किट लागून बंद करावा लागला. अस्थिरतेच्या हिशेबात तोही भूकंपच होता. टीव्हीवर व्हिक्सला सर्रास ‘भीतीचा निर्देशांक’ म्हणतात, त्याने हा भाग झाकला जातो.

२०.९४ मध्ये काय होतं

आता ३ जूनकडे. त्या दिवशी इंडिया व्हिक्स २०.९४ वर बंद झाला. एक्झिट पोलने हायसं वाटून तो त्या दिवशी उतरला होता. शुक्रवारी २४ च्या वर होता.

वरचा सोळाचा भागाकार केला तर दिवसाची हालचाल येते १.३ टक्के. मंगळवारी निफ्टी ५.९३ टक्के पडला, म्हणजे अपेक्षेच्या साडेचारपट. ‘बाजाराला कल्पनाच नव्हती’, ‘ऑप्शनवाले गाफील राहिले’ असं तेव्हा बरंच म्हटलं गेलं. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो कुठे चुकतो हे पाहण्यासारखं आहे.

व्हिक्स ही तीस दिवसांची मिळून एक रक्कम आहे, आणि ते तीस दिवस सारखे नव्हते. त्यात व्यवहाराचे दिवस साधारण २१. त्यातले २० नेहमीचे आणि एक मतमोजणीचा. अस्थिरता थेट बेरजेने वाढत नाही, तिचे वर्ग बेरजेने वाढतात. २०.९४ ला साडेतीनने भागलं की महिन्याची हालचाल सुमारे ६ टक्के, आणि तिचा काटेकोर वर्ग साडेछत्तीस. नेहमीच्या दिवसाला ०.८ टक्के धरू. त्याचा वर्ग ०.६४, वीस दिवसांचे १२.८. साडेछत्तीसमधून ते वजा केले की मतमोजणीच्या एका दिवसासाठी उरतात २३.७. त्याचं वर्गमूळ ४.९.

म्हणजे बाजाराने त्या एका दिवसासाठी ४.९ टक्क्यांच्या हालचालीचा भाव आधीच लावून ठेवला होता. प्रत्यक्षात ५.९३ झाली. अपेक्षेच्या सव्वापट, दचकण्यासारखी, पण अघटित मुळीच नाही. ०.८ हा माझा अंदाज आहे, तो ०.९ धरा, उत्तर साडेचारच्या आसपास येईल. मुद्दा ढळत नाही. शिवाय ०.८ म्हणजे वार्षिक १३ टक्के, आणि निकालाची धूळ बसल्यावर, जूनच्या मध्याला, व्हिक्स १३ च्याच आसपास येऊन स्थिरावला होता.

या वाचनाचा उलटा उपयोगही आहे. सोमवारी ५६५ रुपयांना पुट घेतलेल्या माणसाच्या किमतीतला मोठा हिस्सा मंगळवारच्या एका दिवसाचा होता. मतमोजणीनंतर निफ्टी जागचा हलला नसता, तर तो हिस्सा संध्याकाळपर्यंत उडून गेला असता आणि हाती साडेतीनशेच्या आतली वस्तू उरली असती. २०१९ च्या मे महिन्यात असंच झालं होतं. निकालापूर्वी चढलेला व्हिक्स निकाल लागताच धाडकन उतरला आणि ऐन वेळी पुट-कॉल घेतलेल्यांचे प्रीमियम वितळले. ट्रेडर याला ‘आयव्ही क्रश’ म्हणतात. २०२४ मध्ये मंगळवारी व्हिक्स २६.७५ वर बंद झाला, कारण सरकार कोणाचं आणि कसं बनणार हा नवा प्रश्न उभा राहिला होता. तो प्रश्न बुधवारी बराचसा सुटला, तसा व्हिक्स १९ च्या खाली आला.

याहून मजेशीर गोष्ट त्याआधीची. २३ एप्रिलला इंडिया व्हिक्स एका दिवसात जवळजवळ २० टक्के पडून १० च्या आसपास आला होता. ऐन निवडणुकीत! मतमोजणी ४ जूनला आहे हे तर आयोगाने १६ मार्चलाच सांगितलं होतं. ‘बाजार निर्धास्त’, असे मथळे आले. पण ३० दिवसांच्या खिडकीतून २३ एप्रिलला पाहिलं तर २३ मेपर्यंतचंच दिसतं. ४ जून खिडकीच्या बाहेर होता. मेच्या सुरुवातीपासून ती तारीख हळूहळू आत शिरू लागली आणि महिन्याच्या मध्याला व्हिक्स २० च्या घरात गेला. कमी मतदानाच्या बातम्यांनी त्यात भर घातली, हे खरं. पण चढाईचा मोठा भाग कॅलेंडरचा होता. म्हणून व्हिक्स पाहताना पहिला प्रश्न हा, की या तीस दिवसांत कोणत्या तारखा येतात: रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, अर्थसंकल्प, निकाल. दूरच्या मुदतीच्या ऑप्शनची आयव्ही शेजारी ठेवून पाहिली, की खिडकीबाहेर काय दबा धरून बसलंय तेही कळतं.

मी व्हिक्सकडे भाव म्हणून पाहतो. कांद्याच्या लिलावात जसा भाव निघतो तसाच तो निघतो, घेणाऱ्यांची निकड आणि विकणाऱ्यांची तयारी यांच्यामधून. त्यात अंदाज असतो, पण विकणाऱ्याची मजुरीही असते. ऑप्शन विकणारा मोठा धोका अंगावर घेतो, म्हणून तो प्रत्यक्ष होईल असं वाटतं त्याहून थोडी जास्त अस्थिरता लावतो. जगभरच्या निर्देशांकांत वर्षानुवर्षांची सरासरी काढली, तर भावातली अस्थिरता पुढे प्रत्यक्ष घडलेल्या अस्थिरतेपेक्षा जास्त निघते. दर महिन्याला न चुकता पुट घेणाऱ्याचा पैसा या फरकातून झिरपत राहतो.

आणि १९८७ चा तो वळ. ब्लॅक-शोल्सच्या सूत्राप्रमाणे सगळ्या स्ट्राइकची आयव्ही एकच यायला हवी. त्या ऑक्टोबरपूर्वी अमेरिकेत ती बऱ्यापैकी तशी यायची. नंतर खालच्या स्ट्राइकचे पुट कायमचे महाग झाले. निफ्टीच्या ऑप्शन चेनमध्येही पाहा: चालू भावापासून पाच टक्के खालच्या पुटची आयव्ही सहसा पाच टक्के वरच्या कॉलपेक्षा जास्त दिसेल. याला स्क्यू म्हणतात. अर्थ असा, की ‘थोडं पडलं तर चालेल, फार पडलं तर वाचवा’ असं स्वस्तातलं वाटणारं संरक्षण रुपयांत स्वस्त असतं, अस्थिरतेच्या मापात महागच. त्यावर तोडगा म्हणून बरेच जण खालचा पुट घेतात आणि वरचा कॉल विकून प्रीमियम भरून काढतात. वरचा फायदा सोडून खालचं संरक्षण घ्यायचं. याला कॉलर म्हणतात. दोन्ही पायांच्या आयव्ही ताडल्याशिवाय हा सौदा करू नये, कारण स्क्यू वाढलेला असेल तर महाग घेऊन स्वस्त विकलं जातं.

फॅक्टशीटमधली उणे ओळ

वायदे-ऑप्शनच्या या बाजाराचा इतिहास मुंबईत जुना आहे. ‘तेजी-मंदी’ या नावाने इथे ऑप्शनचे सौदे होत. १९५६ च्या कायद्याने त्यांच्यावर बंदी घातली आणि ती १९९५ मध्ये उठली. १९६९ मध्ये वायदे सौद्यांवर घातलेली बंदी मार्च २००० मध्ये गेली. जून २००० मध्ये तीन दिवसांच्या अंतराने बीएसईने सेन्सेक्सचे आणि एनएसईने निफ्टीचे वायदे सुरू केले, पुढच्या वर्षी जूनमध्ये निर्देशांकांचे ऑप्शन आले. परवानगी देताना युक्तिवाद संरक्षणाचाच होता. प्रत्यक्षात काय झालं ते सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आहे: तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शन विभागातल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटींवर गेला. यातल्या फार थोड्यांकडे वाचवण्यासारखा पोर्टफोलिओ असेल, असं माझं मत. व्हिक्सवरच वायदा करण्याची सोयही एनएसईने फेब्रुवारी २०१४ मध्ये आणून पाहिली. तिला गिऱ्हाईकच लाभलं नाही.

वायद्यांचं संरक्षण सामान्य घरांत पोचलंय ते वेगळ्या दाराने. ज्यांच्या घरी बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज फंडाची एसआयपी चालू आहे, ते दर महिन्याला हेजिंग करत असतात, बहुतेक वेळा नकळत. फंडाचं मासिक फॅक्टशीट काढा. शेअरांच्या यादीत एखाद्या बँकेसमोर चार टक्के लिहिलेलं असेल आणि खाली वायद्यांच्या रकान्यात त्याच बँकेसमोर उणे तीन. म्हणजे त्या बँकेत फंडाचा खरा धोका एकच टक्क्याचा. इथे बीटाची भानगड नाही, कारण शेअर आणि वायदा एकाच कंपनीचे आहेत. त्याखाली कधी निफ्टीचाच वायदा उणे पाच-सात टक्के असतो. तिथे मात्र वरची सगळी बीटाची कथा लागू होते. बेरजेच्या ओळीत दोन आकडे दिसतील, एकूण इक्विटी आणि निव्वळ इक्विटी. पहिला बहुधा ६५ च्या वर असतो, कारण देशी शेअरांत सरासरी ६५ टक्के असल्याशिवाय फंडाला इक्विटीची करसवलत मिळत नाही आणि हेज केलेले शेअरही त्या ६५ मध्ये धरले जातात. दुसरा ४० असू शकतो, कधी त्याहून कमी. मधला २५ टक्के भाग शेअरचं नाव लावून व्याज कमावत असतो. फंड व्यवस्थापकाला बाजार महाग वाटू लागला की तो शेअर विकत नाही, उणे ओळी वाढवतो. लागोपाठच्या सहा महिन्यांची फॅक्टशीटं शेजारी मांडून फक्त निव्वळ इक्विटीचा आकडा पाहत गेलं, तर मुलाखतीत तो काय बोलला यापेक्षा त्याला खरं काय वाटत होतं ते जास्त स्पष्ट दिसतं.